खडकीच्या दगडावरची तारीख

भाजणी भाजायला घेतली की आमच्या घरात दोन दिवस कोणाला काही विचारायची सोय नसते. गॅससमोर मंजिरी, माझी बायको, आणि तिच्यामागे खुर्ची टाकून बसलेल्या माझ्या सासूबाई. त्यांना आता फार वेळ उभं राहवत नाही, पण नाक शाबूत आहे. "हरभऱ्याची डाळ कच्ची राहिली बरं का," असं त्या कढईकडे न बघता सांगतात. मंजिरी चिडून एक दाणा चावून बघते, तर खरंच कच्ची. दसरा उलटला की पुण्यात दुपारचं ऊन चावतं आणि पहाटे पायथ्याची चादर अंगावर ओढावी लागते. धड उन्हाळा नाही, धड थंडी नाही. मांडवांचे खड्डे अजून बुजलेले नसतात, दुकानांत आकाशकंदील लटकलेले असतात आणि सोसायटीच्या जिन्यात धण्या-जिऱ्याचा खमंग वास भरून राहिलेला असतो. त्या वासाने बाकीच्यांना दिवाळी आठवते. मला हुदाक आठवतात आणि माझं डोकं फिरतं.

हुदाक हे सासूबाईंचं माहेरचं आडनाव. त्यांचे वडील श्टेफान हुदाक स्लोव्हाकियातल्या एका डोंगरी खेड्यातले. यंत्रं बसवायच्या कामावर हिंदुस्थानात आले, तिकडे महायुद्ध पेटलं, परतीची वाट बंद झाली आणि ते पुण्यातच राहिले. मिशनच्या दवाखान्यात सुगंधा नावाची मराठी ख्रिस्ती नर्स होती, तिच्याशी त्यांनी लग्न केलं. थोरली मुलगी मारिया, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि धाकटा जोसेफ. पुढे मारियाने पेठेतल्या एका कारकुनाशी लग्न केलं. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं आणि मारियाची मीरा झाली. रंग गोरा, डोळे घारे. शेजारच्या काकूंनी "कोकणस्थच ना?" असं विचारलं, तेव्हा सासरच्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तेवढ्यावर सगळा संसार निभावला.

हे सगळं मला लग्नापासून माहीत होतं आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली तीन दिवाळ्यांपूर्वी, असाच भाजणीचा वास सुटलेला असताना. मंजिरीने आपल्या आजोबांचा एक जुना फोटो इंटरनेटवर टाकला होता, आणि त्यावरून लिंडाला आम्ही सापडलो.

लिंडा ही अमेरिकेतली निवृत्त शिक्षिका. तिचे आजोबा युराय हुदाक त्याच खेड्यातून कोळशाच्या खाणीत काम करायला तिकडे गेलेले. 'माझा भाऊ श्टेफान इंडियाला गेला' असं ते म्हणायचे, एवढ्या धाग्यावर तिचा वर्षानुवर्षं शोध चालू होता. वंशवृक्षांच्या एका संकेतस्थळावर तिने हुदाकांचं अवाढव्य झाड उभं केलं होतं. त्यातली एक फांदी रिकामी होती, ती आमची.

सासूबाईंनी त्या दिवशी फराळाचा घाट तसाच बाजूला ठेवला. "माझ्या बाबांचं कोणी आहे," एवढंच दोन-तीनदा म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "श्रीकांतराव, हे काम तुम्ही अंगावर घ्या. मंजिरी घाई करते आणि जोसेफ थापा मारतो."

मी विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासतो. नाव, वय, तारीख. अर्जात एक आणि दाखल्यात दुसरं असेल तर कागद परत. माझ्यामागे लोक मला खडूस म्हणतात, तेही मला माहीत आहे. पण चुकीच्या नोंदीने कोणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. म्हणून मला वाटलं, एक वंशावळ लावायची म्हणजे काय, दिवाळीच्या आत उरकेल.

तिकडच्या चर्चच्या जुन्या नोंदवह्यांची पानं संगणकावर बघायला मिळतात. सकाळी चहा घेऊन मी बाल्कनीत बसायचो, समोरच्या पारिजातकाखाली फुलांचा सडा पडलेला असायचा, आणि मी परमुलखातल्या मेलेल्या माणसांच्या नावांत डोकं खुपसून बसलेला. गाव एक, पण राज्य बदललं तसं त्याचं नाव बदललेलं. माणूसही एक, पण लॅटिन लिहिणाऱ्या पाद्र्याकडे तो स्टेफानुस, हंगेरियन लिहिणाऱ्याकडे इश्तवान आणि घरी श्टेफान. एक मूल दगावलं की पुढच्या मुलाला बिनदिक्कत तेच नाव. आजोबांचं नाव नातवाला द्यायची रीत तर आपल्यासारखीच. पण तीन भाऊ असले तर तिघेही आपापल्या मुलाला तेच नाव देऊन मोकळे. गावात हुदाक किती, विचारू नका. मी एकेक श्टेफान पकडायचो, त्याच्या आईबापांशी ताडून बघायचो आणि सोडून द्यायचो. ऑफिसला जायची वेळ व्हायची, चहा गार झालेला असायचा, आणि हाती शून्य.

मंजिरी म्हणायची, "अहो, थोडंफार इकडेतिकडे चालतं की. आपल्याला काय कोर्टात जायचंय?"

चालतं! याच एका शब्दाने माझं रक्त आटवलं. लिंडाच्या झाडात एक बाई आपल्या मुलाच्या आधी दोनच वर्षं जन्मलेली होती. मी ते दाखवलं, तर लिंडाने लिहिलं की तिने ते दुसऱ्याच्या झाडातून घेतलं आहे. त्या दुसऱ्याने तिसऱ्याच्या झाडातून घेतलेलं. प्रत्येकाला वाटत होतं, आधीच्याने तपासलं असेल. एका माणसाने चुकीचं लिहिलं तर ती चूक असते; सात जणांनी उतरवून घेतलं की तो पुरावा होतो.

आणि आमची इकडची मदत म्हणजे जोसेफमामा. ते खडकीला राहतात. दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी झाली, क्वार्टर सोडल्यावर स्टेशनजवळ दोन खोल्या घेतल्या. मी गेलो तेव्हा दारातच हात पसरून उभे.

"या जावईबापू! आज पेठेतली मंडळी नदी ओलांडून आली म्हणायची."

"मामा, तुमच्या आजोबांचं नाव काय होतं? वडलांच्या वडलांचं?"

"श्टेफान."

"ते तुमच्या बाबांचं."

"मग त्यांच्या बाबांचंही तेच असेल. तिकडे तसंच असतं."

"असेल, की होतं?"

"तुम्ही अगदी ऑफिसात बसल्यासारखं विचारता बुवा. चहा घेणार, का त्यालाही दाखला लागतो?"

पहिल्या भेटीत मामांचे बाबा बोटीने मुंबईला उतरले. दुसऱ्या भेटीत ते इराणमार्गे खुष्कीने आले आणि वाटेत त्यांचं घोडं चोरीला गेलं. तिसऱ्या भेटीत घोडं नव्हतं, मोटारसायकल होती. पासपोर्ट, पत्रं, लग्नाचा दाखला यांची ट्रंक पानशेतच्या पुरात गेली, एवढ्या एका गोष्टीवर मात्र बहीणभावाचं एकमत होतं. लग्न कुठल्या चर्चमध्ये लागलं, यावर नव्हतं. मामांनी सांगितलं तिथे नोंद मिळाली नाही, सासूबाईंनी सांगितलं तिथेही नाही.

उरला तो थडग्यावरचा दगड. खडकीकडच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत मामा मला घेऊन गेले. पावसात वाढलेलं गवत कमरेपर्यंत आलेलं आणि आता वाळायला लागून पिवळं पडलेलं. त्यावर फुलपाखरं. ऑक्टोबरची उतरती दुपार, लांबून लोकलचा भोंगा. मामांनी पायाने गवत दाबलं, रुमालाने दगड पुसला. नवरा-बायको एकाच दगडाखाली. सुगंधा हुदाक या नावाखाली फक्त मृत्यूची तारीख होती. श्टेफान हुदाक या नावाखाली जन्माचीही होती. सव्वीस डिसेंबर, पुढे साल.

"ही जन्मतारीख कोणी सांगितली?"

"सांगायची काय गरज? आम्हाला पाठच होती. नाताळच्या दुसऱ्या दिवशी बाबांचा वाढदिवस. सकाळपासून माणसं घरी. केक, आणि बाबांनी घरी गाळलेली ती कडक दारू. ख्रिसमसपेक्षा गर्दी असायची."

मी दगडाचा फोटो काढला. माझ्यासारख्या माणसाला तारीख मिळाली म्हणजे पायाखाली जमीन आली. परतताना पहिल्यांदा मला त्या सगळ्या खटाटोपात बरं वाटलं.

आठवड्याच्या आत लिंडाला तो सापडला. सव्वीस डिसेंबरला जन्मलेला श्टेफान हुदाक, त्याच खेड्यातला, आणि तिच्या आजोबांचा सख्खा भाऊ! साल दगडावरच्यापेक्षा वेगळं होतं. मी हरकत घेतली. लिंडा म्हणाली, जुन्या माणसांचं साल चुकतंच, दिवस-महिना जुळतोय ना? मंजिरी म्हणाली, "झालं ना आता?" जोसेफमामा म्हणाले, "मी सांगितलंच होतं." हरकत घेणारा मी एकटा, आणि पुढे करायला माझ्याकडे दुसरा श्टेफान नव्हता.

वसुबारसेच्या संध्याकाळी लिंडाने झाड पूर्ण झाल्याचं कळवलं. मंजिरीने टॅबलेट आणून सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. त्या तेव्हा चिवड्याचे पोहे निवडत होत्या. हात पदराला पुसून त्यांनी चष्मा लावला. वरपासून खाली बोट फिरत आलं. पणजोबा, आजोबा, मग बाबा. बाबांच्या नावाला जोडलेल्या चौकटीत बायकोचं नाव होतं, मारिया. त्या दोघांच्या खाली मुलगी, मारिया, राहणार पुणे. म्हणजे स्वतः सासूबाई. शेजारी जोसेफ.

मग त्यांनी टॅबलेट उलटा करून पाठीमागे बघितलं, जणू काही राहिलेलं तिकडे असेल.

"यात माझी आई कुठाय?"

झालं होतं असं: सव्वीस डिसेंबरच्या श्टेफानने गावात मारिया नावाच्या मुलीशी लग्न केल्याची आणि त्यांना एक मुलगी झाल्याची नोंद लिंडाला मिळाली होती. तिने सासूबाईंना आणि मामांना श्टेफानची मुलं म्हणून जोडलं, तेव्हा संगणकाने आपणहून ती बाई त्यांची आई ठरवली. लिंडाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट तिने लिहिलं होतं, मुलीला आईचंच नाव ठेवलेलं बघून छान वाटलं.

मंजिरी घाईघाईने म्हणाली, "अगं आई, चूक आहे ती. दुरुस्त होते."

"कुठली चूक? बाबांचं तिकडे लग्न झालेलं होतं ही, का माझी आई नव्हतीच ही?"

सासूबाईंनी भावाला फोन लावला. जोसेफमामांना गप्प बसता येत नाही. ते म्हणाले, "ताई, असेलही. बाबा चहाची पार्सलं पाठवायचे ना तिकडे? त्यावर मारिया हुदाक असंच नाव असायचं. मी स्वतः पोस्टात नेलीत."

"आणि हे तू मला आज सांगतोयस?"

"तू कधी विचारलंस?"

त्या वर्षी आमच्याकडे चकल्या तुटल्या. भाजणी तीच, हात तेच, पण सोऱ्यातून पडताना प्रत्येक चकलीचे दोन-दोन तुकडे. मी सुट्टी टाकून संगणकापुढे बसलो होतो आणि मला सगळ्यांचा राग येत होता. लिंडाचा, मामांचा, नोंदवही लिहिणाऱ्या पाद्र्यांचा, आणि सगळ्यात जास्त त्या श्टेफानचा. माणसाने एक देश सोडावा, दुसऱ्यात संसार थाटावा आणि मुलांना एवढीही माहिती देऊन जाऊ नये? आपल्याकडे मुंजीत, लग्नात, श्राद्धात गुरुजी तीन पिढ्या वदवून घेतात, तेव्हा मला ती कटकट वाटायची. आता वाटतं, निदान तीन तरी पाठ होतात.

धनत्रयोदशीला मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. सासूबाई ओट्याशी स्टुलावर बसून करंज्यांना मुरड घालत होत्या. मान वर न करता त्यांनी बोलायला सुरुवात केली. मला सांगत होत्या की स्वतःला, कळलं नाही.

"माझ्यावर फार जीव होता बाबांचा. वर्षातून दोनदा वाढदिवस करायचे माझा. जूनमध्ये आई औक्षण करायची, तो एक. आणि गणपती झाले की सप्टेंबरात बाबांचा वेगळा. दुकानातून काहीतरी गोड आणायचे, डोक्यावर हात ठेवून त्यांच्या भाषेत म्हणायचे काहीतरी."

"आणि मामांचा?"

"त्याचेही दोन. खरा ऑगस्टात. आणि बाबांचा मार्चमध्ये, एकोणीस तारखेला."

मी पेला खाली ठेवला. एकोणीस मार्च हा संत जोसेफचा दिवस, हे खडकीच्या चर्चच्या कमानीवर दरवर्षी लिहिलेलं असतं. मामांच्याच घरून मी ते बघितलेलं. मी आत जाऊन शोधलं. स्लोव्हाकियाच्या पंचांगात प्रत्येक दिवसावर एक नाव छापलेलं असतं, आणि ज्याचं ते नाव त्याचा तो सण. लोक घरी येतात, गोडधोड होतं, प्याले भरतात. जन्म कधीचा का असेना. मारियाचा दिवस बारा सप्टेंबर. जोसेफचा एकोणीस मार्च. आणि श्टेफानचा सव्वीस डिसेंबर.

म्हणजे तो वाढदिवस नव्हताच! पुण्यातल्या बायकामुलांनी दरवर्षी केक खाल्ला, माणसं बघितली, आणि वाढदिवस समजून ती तारीख दगडावर कोरली. त्यांची तरी काय चूक? आपल्याकडे नाताळच्या दुसऱ्या दिवशी घरात केक कापलेला बघून दुसरं कोणी काय समजेल? ती तारीख जगातल्या कुठल्याही श्टेफानची होती, आणि मी ती एकाच माणसाची म्हणून लिंडाला पाठवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांच्याकडे संध्याकाळ असताना, लिंडाला व्हिडिओवर बोलावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाली, अर्थातच! तिच्या आजोबांकडे वाढदिवस कोणाचाच करत नसत, नावाचाच करत. लहानपणापासून तिला माहीत होतं.

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" मी मराठीतच ओरडलो. मंजिरीने ते सौम्य करून इंग्रजीत सांगितलं.

तारीख गळून पडल्यावर मी नोंदवहीत त्या कुटुंबाच्या घरक्रमांकाखालच्या सगळ्या नोंदी पुन्हा लावल्या. त्या घरात दोन भावांची कुटुंबं एकत्र राहत होती आणि दोघांनीही मुलाला आजोबांचं नाव दिलेलं. दोन श्टेफान, चुलतभाऊ. एकाचा जन्म सव्वीस डिसेंबरचा. त्याने मारियाशी लग्न केलं. दुसरा वसंतातला, साल दगडावरच्याच्या जवळचं. त्याच्या थोरल्या बहिणीचं नाव मारिया. बाप्तिस्म्यानंतर त्याची गावात एकही नोंद नाही. लिंडाचे आजोबा ज्याला भाऊ म्हणायचे तो सख्खा की चुलत, हे तिला सांगता येईना. आपणही चुलतभावाला भाऊच म्हणतो.

मला विचाराल तर आमचा श्टेफान हा दुसरा, आणि पार्सलं जायची ती बहिणीला. पण मला वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. पहिलाही बायको-मुलगी मागे ठेवून निघाला असू शकतो. त्या काळात कितीतरी पुरुष तसे गेले.

सासूबाईंना मी हे जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे त्यांचं तिकडे लग्न झालं नव्हतं."

"तसं नाही म्हणता येणार, आई."

"म्हणजे झालं होतं?"

"तसंही नाही. आज जे कागद आहेत त्यांवरून ठरवता येत नाही."

"अहो श्रीकांतराव, तुम्ही जावई आहात की विमा ऑफिसची खिडकी?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरं. ते राहू दे. पण आई. माझी आई तर होती ना? तिला कोणाचा कागद लागतो?"

लागत होता. लिंडाची आता मला दहशत बसलेली. मी इतक्या वेळा दाखले मागितले होते की ती माझ्यापेक्षा कडक झाली. लग्नाची नोंद दाखवा, म्हणाली. नाही म्हटल्यावर तिने थडग्याचा फोटो मान्य केला, गावच्या मारियाला आमच्या फांदीवरून काढलं, सुगंधाबाईंची चौकट उघडली आणि विचारलं: जन्म? वडील? आई? माहीत नसेल तर तिथे 'अननोन' असं आपोआप पडतं.

"माझ्या आईच्या घरात अननोन लिहायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "तिचं माहेर लोणी काळभोरचं. आपण जाऊ."

मला तेव्हा कुठे उमगलं. पंधरा-वीस दिवस मी सातासमुद्रापलीकडच्या एका खेड्यातल्या बायकांची नावं, आजार, घरक्रमांक उतरवून काढत होतो. घरापासून तासाभराच्या अंतरावर सासूबाईंच्या आजोळी जायचं कोणाला सुचलं नव्हतं. तिकडच्या पंचांगात सुगंधा नावाचा दिवस नाही. बाबांनी बायकोचा सण कधी केला नाही, तो म्हणूनच. आणि आमच्या शोधातही तिची पाळी शेवटी आली.

भाऊबीज उरकून आम्ही गाडी काढली. मागे सासूबाई आणि मामा. मामा अर्थात वाटभर बोलत. हडपसरची गर्दी मागे पडल्यावर हवेत गारवा लागला. कडेला शेवंतीचे वाफे, उसाचे तुरे, मधूनच एखाद्या कॉलेजची उंच इमारत. लोणीला सुगंधाबाईंच्या भाच्याची विधवा शांताबाई भेटली. सासूबाईंपेक्षा थोडी मोठी, पाठीत वाकलेली, नजर पक्की. पुढ्यात लाडूंची बशी सरकवत म्हणाली, "सुगंधाआत्याची लेक तू? व्हय, डोळं तसंच हायती, मांजरीवाणी. बस."

मी कुळाची विचारपूस सुरू केली. ती घडाघडा सांगत गेली: सुगंधाचा भाऊ यशवंत, त्यांचा बाप दाजी, दाजीचा बाप रामा, त्याचा बाप मल्हारी. एकदाही अडखळली नाही. मी मनातल्या मनात तिला सलाम केला.

"आणि सुगंधाबाईंची आई? तिचं नाव?"

"म्हातारी."

"नाव, नाव काय होतं?"

"आवं, म्हातारीला म्हातारीच म्हनायचं. न्हाईतर यशवंताची आई. नाव कोन घेतंय?"

सासूबाई पुढे सरकल्या. "यशवंतमामा तर धाकटा. आई थोरली होती ना?"

"थोरली, व्हय की."

"मग यशवंताची आई का? सुगंधाची आई का नाही?"

शांताबाईने सासूबाईंकडे असं बघितलं, जणू एवढं वय होऊन हिला साधं कळत नाही. "लेकीवरनं कुठं हाक मारत्यात व्हय?"

आम्ही आणखी दोन घरं केली. एका घरात गंगा असावी म्हणाले, दुसऱ्यात येसू. दोघांनाही खात्री नव्हती, आणि मला दोन्ही नावं नाकारावी लागली. एखाद्या वहीत असेल, कुठल्या चर्चच्या पुस्तकात असेल. नंतर दोन वर्षं मी जाऊन-जाऊन विचारलं, मिळालं नाही. हे लिहितानाही ते आठवून माझा जीव कासावीस होतो. ज्या बाईची पणती स्वयंपाकघरात डाळ भाजते आहे, जिची नात तिथे बसून वास घेते आहे, तिचं नाव पृथ्वीवर कोणालाही माहीत नाही. आणि परदेशातल्या एका बाळाचा, जे आठ दिवसही जगलं नाही, त्याचा बाप्तिस्मा कोणी केला हे मला पाठ आहे.

परतताना सोलापूर रस्त्यावर वाहनांची रांग लागलेली, पुढच्या ट्रकचे लाल दिवे. सासूबाईंनी खिडकीकडे बघतच विचारलं, "त्या लिंडाच्या कोष्टकात काय लिहायचं असतं?"

"आईच्या रकान्यात नाव लिहायचं, आई."

"लिहा. सुगंधाची आई."

"अहो, ते नाव नाही. नातं झालं ते. आईच्या रकान्यात सुगंधाची आई, याला काही अर्थ..."

"गावाने तिला मुलाची आई म्हटलं ते कोणी चूक काढली नाही. मी मुलीची म्हणते. लिहा."

घरी आल्यावर मी संगणक उघडला. रकाना लुकलुकत होता. मी रोमन अक्षरांत लिहिलं, सुगंधाची आई, आणि पाठवून दिलं. जन्म, मृत्यू, काही नाही. नोकरीत असा कागद मी एकदाही पुढे जाऊ दिलेला नाही.

दोन दिवसांनी लिंडाचं पत्र आलं. माझ्या सवयी तिला आता माहीत होत्या, म्हणून तिने एकच प्रश्न विचारला होता: हेच त्यांचं नाव, तुम्ही तपासलं आहे ना?

सासूबाई शेजारी बसून उरलेल्या चकल्यांचे तुकडे डब्यात भरत होत्या. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी उत्तर लिहिलं: हो.